वळिवड्याची छावणी आणि आश्रयाचा हक्क



मुरगूड, कागल, निपाणी या बाजूचा माणूस लग्नाचा बस्ता बांधायला निघाला, की पुष्कळदा त्याची पावले गांधीनगरकडे वळतात. कोल्हापूरच्या पूर्वेला वळिवड्याजवळ वसलेली ही कापडाची पेठ सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिथले दुकानदार बहुतेक सिंधी, हेही ठाऊक आहे. या सिंधी मंडळींच्या आधी त्याच जागेत पोलंड देशातली सुमारे पाच हजार माणसे पाच वर्षे राहून गेली, हेही अलीकडे पुष्कळांच्या कानांवर आले आहे. पण ती माणसे इतक्या दूर का आली, त्यांना कोणी दारे लावली, कोणी उघडली आणि कोणत्या हिशेबाने उघडली, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज तो करावयाचा आहे. कारण सरहद्दीवर आलेल्या माणसाला परत लोटावे की त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा प्रश्न आज जगभर पेटलेला आहे, आणि त्याचे एक उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीत लिहिलेले आहे.

प्रथम शब्दांचा थोडा खुलासा करतो. पोट भरण्यासाठी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातो तो स्थलांतरित. बीडचा ऊसतोड कामगार आपल्याकडे येतो, तो या अर्थाने स्थलांतरित. घरी राहिलो तर जीव जाईल, धर्मासाठी, वंशासाठी किंवा मतासाठी छळ होईल, या भयाने जो सरहद्द ओलांडतो तो निर्वासित. सरकारी तोंडात दोघांसाठी एकच शब्द असतो, तो म्हणजे घुसखोर. सरहद्दीवर उभ्या असलेल्या माणसाच्या कपाळावर यांपैकी काय आहे ते लिहिलेले नसते. त्याला विचारल्याशिवाय ते कळत नाही. आजच्या व्याख्यानाचे सार एवढ्या एका वाक्यात आहे. बाकी सगळे त्याचे पुरावे.

कास्पियन समुद्रापासून पंचगंगेपर्यंत

२३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी एक करार केला. त्याच्या गुप्त भागात पोलंडची वाटणी ठरलेली होती. १ सप्टेंबरला हिटलरचे सैन्य पश्चिमेकडून आत शिरले, १७ सप्टेंबरला स्टालिनचे सैन्य पूर्वेकडून. पूर्वेकडच्या भागातले जमीनदारच काय, पण शिक्षक, पोस्टमन, वनरक्षक, सैनिक म्हणून जमीन मिळालेले साधे शेतकरी, असे सगळे नव्या सत्तेला नकोसे झाले. १९४० आणि १९४१ मध्ये चार लाटांत त्यांची कुटुंबे गुरांच्या वाघिणींत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेऊन टाकली. सोव्हिएत दप्तरातलेच आकडे तीन लाखांच्या पुढे जातात. हे मजुरांचे राज्य म्हणवणाऱ्या सत्तेने केले. म्हणून मजूर चळवळीतल्या माणसाने ते इतरांच्या आधी आणि मोठ्याने सांगितले पाहिजे.

२२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावरच उलटला, आणि रशियाला दोस्तांची गरज पडली. ३० जुलैला लंडनमधल्या पोलिश सरकारशी करार झाला, आणि या कैद्यांना 'माफी' जाहीर झाली. गुन्हा कोणता, हे कोणी सांगितले नव्हते; माफी मात्र मिळाली! जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि त्याच्या मागोमाग उपाशी, आजारी बायकापोरे दक्षिणेकडे सरकू लागली. १९४२ च्या मार्च-एप्रिलात आणि पुन्हा ऑगस्टात क्रास्नोव्होद्स्क बंदरातून बोटी भरभरून कास्पियन समुद्रापलीकडे इराणच्या पहलवी बंदराला लागल्या. एकंदर सुमारे १,१५,००० माणसे सुटली. त्यांत सैनिक वगळता बायका, मुले आणि म्हातारी माणसे सदतीस हजारांवर होती. पुष्कळांना टायफसने ग्रासले होते, आणि सुटकेच्या किनाऱ्यावर पोहोचून शेकडो जण तिथेच पुरले गेले.

इराणात तेव्हा ब्रिटिश आणि रशियन फौजा होत्या, धान्याची टंचाई होती. ही माणसे तिथे फार दिवस ठेवता येण्यासारखी नव्हती. मग प्रश्न आला, घेणार कोण?

लावलेली दारे

या प्रश्नाला त्या काळच्या जगाने काय उत्तर दिले होते, ते आधी पाहू. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले. विषय होता जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंना जागा देण्याचा. सहानुभूती सर्वांनी दाखवली, जागा जवळजवळ कोणीच दिली नाही. पुढच्याच वर्षी 'सेंट लुई' नावाची बोट ९३७ उतारू घेऊन हँबुर्गहून क्यूबाला गेली. त्यांतले बहुतेक सारे ज्यू. हवानाला अवघ्या २८ जणांना उतरू दिले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दिवे त्यांना बोटीवरून दिसत होते, पण तिथेही दार उघडले नाही. बोट युरोपला परतली, आणि परतलेल्यांपैकी २५४ जण पुढे हिटलरच्या कत्तलीत गेले. दार लावणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्यावर गोळी झाडली नाही. त्यांनी फक्त नियम पाळला.

'स्ट्रुमा' या मोडक्या बोटीची कथा याहून काळी आहे. रुमानियातून निघालेले साडेसातशेच्या वर ज्यू दहा आठवडे इस्तंबूलच्या बंदरात अडकून पडले. पॅलेस्टाईनला जायचे परवाने ब्रिटिश सरकार देईना, तुर्की सरकार उतरू देईना. अखेर २३ फेब्रुवारी १९४२ रोजी तुर्कांनी ती बंद इंजिनाची बोट ओढून काळ्या समुद्रात सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली. एक माणूस वाचला.

ही काही गोऱ्या लोकांचीच कहाणी नव्हे. १९१४ साली 'कोमागाटा मारू' बोटीने ३७६ हिंदी माणसे, बहुतेक पंजाबी शीख, कॅनडाच्या व्हँकुव्हर बंदरात गेली. ती निर्वासित नव्हती, रोजगाराला निघालेली होती, आणि ज्या साम्राज्याचा कॅनडा भाग होता त्याचीच प्रजा होती. दोन महिने बोट बंदरात अडवून ठेवली, २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकाखाली परत लावली. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरल्यावर आपल्याच देशातल्या इंग्रजी पोलिसांनी गोळीबार केला, आणि सुमारे वीस माणसे मेली. २०१६ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल क्षमा मागितली. एकशेदोन वर्षांनी!

याच सुमाराला मुंबईची कथा थोडी वेगळी, थोडी तशीच आहे. १९३४ पासून जर्मनी-ऑस्ट्रियातले काही ज्यू मुंबईला आले. आकाशवाणीची सकाळची जी धून आपण लहानपणापासून ऐकत आलो, ती अशाच एका आलेल्याची, वॉल्टर काउफमान यांची. पण १९३९ मध्ये युद्ध पेटताच हिटलरच्या तावडीतून निसटलेल्या अनेकांना त्यांच्या जर्मन पासपोर्टामुळे 'शत्रुदेशीय' ठरवून कोंडण्यात आले. काहींना आपल्या पुरंदरावर ठेवले होते. कागद पाहिला, माणूस पाहिला नाही, की असे होते.

वळिवडे

हे सारे लक्षात घेतले म्हणजे वळिवड्याची किंमत कळते. आधी जामनगरचे नाव घेतले पाहिजे. जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना ठेवून घेतले. मुंबई बंदरातून हाकललेली बोट जामसाहेबांनी आपल्या किनाऱ्याला लावून घेतली, अशी कथा आता फार पसरली आहे. कथा गोड आहे, पण इतिहास तसा नाही. मुलांची पहिली तुकडी बोटीने आलीच नव्हती. ती अश्काबादहून मालमोटारींतून इराणच्या डोंगर-वाळवंटातून क्वेट्ट्याकडे उतरली, आणि तिथून रेल्वेने मुंबईला आली. जामसाहेबांचे मोठेपण सिद्ध करायला खोट्या बोटीची गरज नाही. ज्या वेळी जगातली मोठी राज्ये आकडेमोड करीत बसली होती, त्या वेळी एका संस्थानिकाने आधी जागा दिली, एवढे पुरे आहे.

मुलांपाठोपाठ कुटुंबांचा प्रश्न आला. त्यासाठी १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. इराणातून बोटीने कराची, कराचीच्या तात्पुरत्या छावणीतून मुंबई, आणि पुढे रेल्वेने वळिवड्याचे छोटे स्टेशन, असा त्यांचा मार्ग होता. बराकींच्या ओळी, दगडी जोती, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले. प्रत्येक कुटुंबाला खोली आणि चूल. ऊसतोडीच्या कोपी पाहिलेल्या माणसाला हे घर फारसे परके वाटणार नाही. फरक एवढाच, की तिथे शाळा होत्या. सैबेरियात दोन वर्षे पाटी न पाहिलेली मुले इथे प्राथमिक शाळेपासून मॅट्रिकच्या बरोबरीच्या वर्गापर्यंत आपल्या भाषेत शिकली. दवाखाना होता, प्रार्थनामंदिर होते, नाटकमंडळी होती, बालवीरांची पथके होती. छावणीत पुरुष थोडे, कारण धडधाकट पुरुष इटलीत माँते कासिनोसारख्या ठिकाणी लढत होते. घर, शाळा आणि सार्वजनिक कामे बहुतेक बायकांनीच चालवली.

आता हे औदार्य कोणाचे? इथे आपण स्वतःची पाठ थोपटण्यापूर्वी थांबले पाहिजे. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा लहान मूल होते. कारभार रीजन्सीचा, आणि तिच्या पाठीशी ब्रिटिश रेसिडेंट. निर्णय साम्राज्याचा होता, खर्च लंडनमधले पोलिश सरकार ब्रिटिशांच्या उचलीतून देत होते, आणि आलेले लोक युद्धातल्या दोस्तांची, शिवाय गोऱ्यांची, बायकापोरे होती. त्याच १९४३ साली त्याच सरकारच्या कारभाराखाली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे रस्त्यांवर मेली. पोलिश पोरांना भाकरी मिळाली हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण यावरून एक धडा निघतो. आश्रय जोवर सरकारच्या सोयीवर आणि मर्जीवर असतो, तोवर एकाला छावणी मिळते आणि दुसऱ्याला पदपथ. मर्जीचे रूपांतर हक्कात झाले पाहिजे, ते यासाठी.

परत जा, पण कुठे?

खरी कसोटी युद्ध संपल्यावर लागली. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्यांनी पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातल्या पुष्कळांची गावे, ल्वूफ, विल्नो आणि व्होलिनच्या बाजूची, आता सोव्हिएत राज्यात गेली होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे एका सकाळी छावणीतल्या माणसांना घरही राहिले नाही आणि सरकारही राहिले नाही. युद्ध संपले, आता आपल्या देशी जा, असे म्हणणे सोपे होते. पण ज्यांनी वाघिणींत कोंबून नेले, त्यांच्याच हाती पुन्हा जायचे होते.

अशा वेळी दुसरीकडे काय झाले, ते पाहा. १९४५ च्या मे-जूनमध्ये ऑस्ट्रियात लिएन्झजवळ ब्रिटिश सैन्याने हजारो कोसॅक, त्यांच्या बायकामुलांसकट, दंडुके मारून गाड्यांत भरले आणि रशियनांच्या हवाली केले. त्या कोसॅकांतले पुष्कळ पुरुष जर्मनांच्या बाजूने लढले होते, हे खरे. पण त्यांच्यात असेही होते की जे कधी सोव्हिएत प्रजा नव्हतेच. कोण कोणता, हे निवडून पाहायला कोणी थांबले नाही. कित्येकांनी तिथेच आत्महत्या केली.

वळिवड्यात असे झाले नाही. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्याच आमसभेने ठराव केला, की ज्या निर्वासिताची परतण्याविरुद्ध रास्त हरकत आहे, त्याला सक्तीने परत धाडू नये. पाच हजार माणसांना विचारले गेले. थोडी पोलंडला परतली. ज्यांचे पुरुष पोलिश सैन्यात होते ती पुष्कळशी ब्रिटनला गेली. बाकीची पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, ऑस्ट्रेलियात, कॅनडात, अमेरिकेत पांगली. स्वतंत्र भारताने त्यांना आल्या वाटेने हाकलले नाही. त्यांची सोय लागेपर्यंत थांबू दिले. १९४८ साली छावणी रिकामी झाली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे फुले वाहून आले.

आणि बराकी? त्या रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून उखडलेले हिंदू इथे आले. वाडेहवेल्या टाकून आलेल्या माणसांनी बराकीच्या ओट्यावर कापडाचे तागे मांडले, आणि आपल्या डोळ्यांदेखत गांधीनगर उभे राहिले. आज जिल्ह्यातले किती मजूर, हमाल, शिंपी त्या पेठेवर जगतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

हक्क आणि चौकशी

१० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चौदावे कलम आले: छळापासून इतर देशांत आश्रय मागण्याचा व तो उपभोगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. १९५१ च्या निर्वासित करारातले तेहतिसावे कलम म्हणते, की जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असेल त्या सरहद्दीवर माणसाला परत लोटू नये. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. तरी १९५९ नंतर तिबेटी आले, त्यांची एक वसाहत आपल्या विदर्भात गोठणगावला आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी माणसे आली. हे सारे कायद्याने नव्हे, सरकारच्या निर्णयाने झाले. आपल्या संविधानाचे एकविसावे कलम मात्र 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणते. १९९६ साली अरुणाचलातल्या चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाच्या आधारे त्यांच्या जिवाचे रक्षण करण्यास राज्याला बजावले. पण ८ एप्रिल २०२१ रोजी रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने सांगितले, की जीविताचा हक्क सर्वांना असला, तरी देशातून घालवले न जाण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, आणि तो नागरिकांचा आहे. रीतसर कार्यपद्धती पाळल्यावाचून घालवू नये, एवढे मात्र त्या आदेशातही आहे.

हा 'रीतसर' शब्द किती मोलाचा आहे, ते २०२५ साली दिसले. त्या वर्षी मे महिन्यापासून बांगलादेशच्या सरहद्दीवर माणसे पलीकडे लोटण्याचा सपाटा सुरू झाला. महाराष्ट्रात रोजगाराला आलेले पश्चिम बंगालचे काही मजूरही त्यांत गेले. बोली बंगाली, हातावर पोट. ते भारतीयच आहेत हे कळल्यावर जूनमध्ये त्यांना परत आणावे लागले. घुसखोर कोण हे न विचारता ठरवले, की आपलाच माणूस परदेशात टाकला जातो.

मी कामगारांत काम करणारा माणूस आहे, म्हणून आपल्या धंद्यातला दाखला देतो. कायम कामगाराला गैरवर्तणुकीवरून काढायचे तर मालकाला आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते. हा नियम कामगार चोर नसतोच म्हणून झालेला नाही. ऐकून घेतल्याशिवाय चोर आणि साव वेगळे होत नाहीत, म्हणून झाला. दुसरा दाखला तडीपारीचा. नदीची तड पार करून गावाबाहेर घालवणे, हा शब्दच मुळी परत लोटण्याचा आहे. पण १९५१ च्या पोलीस कायद्याप्रमाणे गावातल्या नामचीन गुंडालाही तडीपार करण्याआधी नोटीस द्यावी लागते आणि त्याला बाजू मांडू द्यावी लागते. गुंडाला जिल्ह्याबाहेर काढताना जे देतो, ते लेकुरवाळ्या बाईला देशाबाहेर काढताना नाकारायचे, हा कुठला न्याय?

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. देशाला सरहद्द राखण्याचा अधिकार आहे की नाही? आहे. चौकशीअंती ज्याला धोका नाही आणि हक्कही नाही, त्याला परत पाठवता येते की नाही? येते. आणि आलेल्यांचा भार गरिबांवरच पडतो की नाही? पडतो, ही तक्रार मी कागलच्या वसाहतीतल्या फौंड्री कामगारांकडून ऐकतो, आणि ती खोटी नाही. शिबी राजाची कथा आपण कीर्तनात ऐकतो. कबुतर शरण आले, राजाने अभय दिले. पण ससाण्यानेही प्रश्न विचारला होता, की माझ्या पोटाचे काय? राजाने त्याला हाकलले नाही, आणि शेजाऱ्याचे मांसही कापून दिले नाही. तराजूत आपली मांडी घातली. म्हणजे अभयाचा खर्च राजाने सोसायचा असतो. आज तो खर्च मजुराच्या मजुरीतून कापला जातो. ज्याच्याकडे कागद नाही, ज्याला कधीही उचलून नेता येते, त्याला मुकादम निम्म्या मजुरीवर राबवतो आणि त्याचा बागुलबुवा दाखवून इथल्याची मजुरी पाडतो. यावर उपाय त्या माणसाला नदीपार टाकणे हा नाही. त्याच्या जागी उद्या तसाच दुसरा येईल. त्याची चौकशी करा, राहायचा हक्क असेल तर कागद द्या, आणि एका कामाला एक मजुरी द्या. मग त्याचा भाव पाडायला उपयोग होणार नाही.

तेव्हा आपण काय करावे? उद्या मुरगुडात, कागलात किंवा निपाणीच्या नाक्यावर परक्या बोलीचा मजूर पकडला गेला, तर जमाव करून 'हाकला' म्हणू नये आणि 'सोडा' असेही आंधळेपणाने म्हणू नये. चार माणसांनी ठाण्यावर जाऊन एवढेच विचारावे: याचे म्हणणे कोणी लिहून घेतले का, त्याच्या भाषेत घेतले का, आणि याला वकील मिळाला का? वळिवड्याच्या पाच हजारांना हे विचारले गेले होते. लिएन्झच्या कोसॅकांना विचारले गेले नाही.